अक्रोडाखालची साक्ष

मी, रोझालिया शेबेस्तोव्हा, कैलासवासी आंब्रोझ शेबेस्ता याची बायको, वय वर्षे सत्त्याहत्तर, राहणार दोल्नी होर्का, तळघरांच्या गल्लीच्या वरचं तिसरं घर, दक्षिण मोराविया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि दिवसाउजेडी लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकिलाच्या कचेरीतल्या मुलीने सांगितलं. मला कोणी धमकावलेलं नाही की फूस लावलेली नाही. मला फूस लावण्याइतका धीट माणूस या गावात उरलेला नाही. सकाळी पाव आणि दूध घेतलं आहे. वाइन घेतलेली नाही. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही, आणि यानंतर करायला वेळ मिळेलसं वाटत नाही.

त्याच मुलीने एक गोष्ट दोनदा बजावली. ज्याला मृत्युपत्राने काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली तर त्याला दिलेलं बाद होतं. म्हणून इथे आधीच लिहून ठेवते, की मेतोद हान्झलिक याची सही या कागदावर कोणी घेऊ नये. माझं वाइनचं तळघर मी त्याला देणार आहे. का देणार आहे ते पाचव्या कलमात येईल. ते वाचून गावात ज्यांना ज्यांना मान खाली घालावीशी वाटेल त्यांनी घालावी. सगळ्यात आधी मी घालते.

कलम १. राहतं घर, त्यातलं सामान, परसातली कोंबड्यांची खुराडी आणि बँकेत असेल ते सगळं माझी एकुलती मुलगी ल्युबा, राहणार ब्रनो, हिला मिळावं. ल्युबा, तू वाईट मुलगी नाहीस. पण बापाच्या वर्षश्राद्धाला तू दुकानातली खोक्यातली वाइन घेऊन आलीस, तिला प्लास्टिकची तोटी होती, आणि ती तू बापाच्याच तळघरात, बापाच्याच पिंपावर ठेवलीस. "आई, सोयीची असते गं, महिनाभर टिकते," असं म्हणालीस. त्या दिवशी मी ठरवलं की तुला घर द्यायचं आणि तळघर द्यायचं नाही. तुझ्या नवऱ्याला तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या आहेत, पिंपं कापून त्यांच्या खुर्च्या करायच्या आहेत, हे मला ठाऊक आहे. त्याने स्वतःच्या आईचं कपाट कापून बसावं.

शिवणयंत्र तूच घे. ते मी मनापासून देते आहे, त्यात काही टोमणा नाही.

कलम २. द्राक्षं पिळायचा लाकडी चरक, चौदा जाड बुडाचे ग्लास आणि पिंपातून वाइन ओढायची काचेची फुगीर नळी ही तळघराबरोबरच जाईल. नळीबद्दल दोन शब्द लिहिते. ती आंब्रोझच्या आजोबांची आहे. आमच्याकडे नळी तळघराच्या धन्याच्याच हातात असते. त्याने ती पिंपात सोडायची, ओढायची, वरच्या टोकाला अंगठा दाबायचा आणि गोल उभ्या राहिलेल्या मित्रांच्या ग्लासात अंगठा सैल करत एकेक घोट सोडायचा. बाईमाणसाने नळीला हात लावायचा तो फक्त धुवायला. मी ती एकतीस वर्षं धुतली. कोणत्या पिंपात काय चाललं आहे, कोणतं हलवायचं, कशात काय मिसळायचं, हे मात्र मी सांगायची. शनिवारी सकाळी सगळे यायच्या आधी आंब्रोझ मला खाली न्यायचा, चमच्याने चाखवायचा आणि विचारायचा, "काय म्हणतेस, रोझा?" मी सांगायची. दुपारी तेच तो मित्रांना स्वतःचं म्हणून ऐकवायचा. गावच्या वाइनच्या स्पर्धेत त्याला तीनदा पहिलं बक्षीस मिळालं. तिन्ही वेळा जीभ माझी होती. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, कारण नवऱ्याचा मान तो आपला मान असं मला शिकवलेलं होतं.

कलम ३. जिन्याखाली, रिकाम्या पोत्यांच्या मागे एक लहान पिंप आहे. त्याची माहिती कोणालाच नाही. दर वर्षीची सगळ्यात चांगली वेल्टलिन, म्हणजे आमच्या उतारावरच्या पांढऱ्या द्राक्षांची वाइन, मी त्यात ठेवत आले आणि शनिवारी येणाऱ्यांना ती कधी पाजली नाही. माझ्या मयताच्या जेवणाला ती सगळी काढावी. लोक पितील आणि म्हणतील, अरे, म्हातारीकडे हे होतं तर! तेव्हा त्यांना सांगावं, की हो, होतं.

कलम ४. तळघरात डाव्या हाताला दोन पिंपं व्हिनेगर आहे. ते सगळं इग्नाक व्होंद्राक, सहकारी शेतीवरचा निवृत्त ट्रॅक्टरवाला, याला द्यावं. पिंपांसकट द्यावं. त्याला आता पायऱ्या उतरवत नाहीत, तर घरपोच न्यावं आणि त्याच्या ओसरीत, बसायच्या बाकासमोरच ठेवावं. त्याने विचारलं, "हे काय?" तर सांगावं, रोझालियाने काकड्या मुरवायला पाठवलं आहे. तो समजेल. नाही समजला तर त्याच्या बायकोला पाचवं कलम वाचून दाखवावं. ती त्याला समजावेल.

कलम ५. तळघर, त्यावरची चरकाची खोली, मागच्या उतारावरच्या वेल्टलिनच्या अकरा ओळी आणि माझा बाक, हे सगळं मेतोद हान्झलिक, वय वर्षे एकोणऐंशी, गवंडी, अविवाहित, राहणार याच गावी, याला मिळावं.

आता कारण.

आमच्या शनिवारच्या बैठकीत चारच जण असायचे. आंब्रोझ, त्याचा लहानपणापासूनचा मित्र मेतोद, इग्नाक आणि पोस्टमास्तर वेन्देलिन. दुपारी तीनला जमायचे. कोणी आपल्याकडची बाटली आणायचा, कोणी नाही. मी चरबी लावलेला पाव, वर कांदा, असं ताट खाली ठेवून यायची आणि वर उताराला माझ्या बाकावर बसायची. त्यांचा एक नियम होता. आमच्या गल्लीत तो सगळ्यांचाच आहे. तळघरात असेपर्यंत यजमानाच्या वाइनला नाव ठेवायचं नाही. कितीही बिघडलेली असो, ग्लास उजेडाकडे धरायचा, घोट फिरवायचा आणि म्हणायचं, "जाते घशाखाली." खरं काय ते गल्ली संपली, अक्रोडाचं झाड आलं, की त्याच्याखाली बोलायचं. अक्रोडाखाली बोललेल्याचा राग धरायचा नाही. गावात लग्नं मोडली ती अक्रोडाखाली आणि जमिनीची भांडणं मिटली तीही तिथेच.

पुरुषांना एक गोष्ट माहीत नव्हती. तळघराच्या छतातून हवेचा झरोका निघतो तो बरोबर माझ्या बाकाशेजारी वर येतो. विटांचं नळकांडं आणि वर पत्र्याची टोपी. खाली कुजबुजलं तरी वर ऐकू येतं. हे फक्त मेतोदला ठाऊक होतं, कारण तो झरोका त्यानेच बांधून दिलेला. गारठा खाली जाऊ नये म्हणून थंडीच्या आधी त्यात पेंढ्याचं पोतं कोंबायचं आणि मार्चमध्ये, सेंट जोसेफच्या सणाला काढायचं, हे कामही त्याच्याकडेच होतं. ते काढणं महत्त्वाचं. शरद ऋतूत पिंपातला नवा रस फसफसायला लागला की त्यातून जो वायू निघतो तो जमिनीलगत साचतो. झरोका उघडा नसेल तर माणूस पायऱ्या उतरतो आणि परत चढत नाही. म्हणून त्या दिवसांत कोणीही पेटती मेणबत्ती गुडघ्याएवढी खाली धरल्याशिवाय उतरत नाही. ज्योत विझली की मागे फिरायचं. आमच्याकडे पोरांना प्रार्थनेच्या आधी हे शिकवतात.

२००४ साली, सोळा ऑक्टोबरला, शनिवारी, मी बाकावर बसून कांदे चिरत होते. खाली नवी वाइन चाखून झाली होती आणि चौघे जरा रंगात आले होते. इग्नाकला विनोद सुचला.

"ऐका रे," तो म्हणाला, "आपापल्या बायकोला वाइन म्हणून गुण द्यायचे. माझी फ्रांकोव्का. रंगाने गडद, अंगाने भरलेली, आणि सकाळी डोकं उठवते!"

"माझी वेल्टलिन होती," वेन्देलिन म्हणाला. "कोवळी असताना प्यायला हवी होती. मी येडा, ठेवून दिली."

"मेतोदला विचारू नका, त्याचा ग्लास कोराच आहे," इग्नाक म्हणाला. " तू सांग रे, आंब्रोझ. तुझी कशी?"

आंब्रोझने घोट फिरवल्याचा आवाज आला. तो नेहमी उत्तराआधी घोट फिरवायचा.

"माझीचं काय विचारता लेको! माझीचं व्हिनेगर झालंय. पण म्हणून टाकून देतं का कोणी? काकड्या मुरवायला लागतंच की!"

इग्नाक असा हसला की झरोक्याची टोपी थरथरली. त्याच दिवशी सकाळी मी त्या माणसाला चमच्याने तीन पिंपं चाखून दिली होती. मी त्याला एकतीस वर्षं चाखून दिलं होतं. मी सुरी खाली ठेवली. पेंढ्याचं पोतं चरकाच्या खोलीत खुंटीला टांगलेलं होतं, मेतोदने मार्चमध्ये काढून नीट बांधून ठेवलेलं. ते आणलं, टोपी उचलली आणि दोन्ही हातांनी कोंबलं. हसणं बंद झालं. मला एवढंच हवं होतं, की ते ऐकू येऊ नये. थोड्या वेळाने कोणीतरी पायऱ्या चढून आलं, माझ्या पाठीमागे उभं राहिलं आणि निघून गेलं. मी वळून पाहिलं नाही. वाटलं, लघवीला आला असेल. संध्याकाळी ग्लास धुताना एक अर्धा भरलेला मिळाला. माझी वाइन अर्धी टाकणारा कोण हा शहाणा, म्हणून मी त्यालाही शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चला जायच्या आधी आंब्रोझ म्हणाला, "जरा खाली बघून येतो." मी कणीक मळत होते. मेणबत्ती खिडकीत होती. रोज मी ती पेटवून त्याच्या हातात द्यायची. त्या दिवशी दिली नाही, त्याने मागितलीही नाही. मेणबत्ती भित्र्यांना आणि पाद्र्यांना लागते, असं तो म्हणायचा.

पोतं मी विसरले होते असं लिहिलं तर या कागदावरचं सगळंच खोटं ठरेल. मला आठवण होती. तो किल्ली घेऊन दारातून बाहेर पडला तेव्हाही होती. माझे हात पिठात होते. हात धुवायला किती वेळ लागतो ते प्रत्येक बाईला माहीत आहे. मी कणीक आणखी मळली. तो मरावा असं माझ्या मनात नव्हतं. त्याने घाबरावं, खोकत वर यावं, आणि मी दारात उभी असावी, एवढं होतं. ल्युबा, हे तू वाचते आहेस. तुझ्या बापाला मी मारलं का, याचं उत्तर मला एकोणीस वर्षांत सापडलं नाही. तुला सापडलं तर माझ्या थडग्याशी येऊन सांगू नकोस.

त्याला चर्चला चल म्हणून हाक मारायला मेतोद आला आणि त्याला बघायला खाली उतरला. चौथ्या पायरीवर त्याची मेणबत्ती विझली. गावातल्या अग्निशमनच्या पोरांनी आंब्रोझला दोरीने वर काढलं. मग त्यांच्या नायकाने झरोक्यातून पोतं उपसून काढलं आणि सगळ्यांसमोर वर धरलं.

"हे अजून इथे कसं? कोणाचं काम होतं हे?"

सगळ्यांनी मेतोदकडे पाहिलं. मेतोदने माझ्याकडे पाहिलं.

"रोझा, मी मार्चमध्ये काढलं होतं ना?"

आणि मी म्हणाले, "सेंट जोसेफच्या दिवशी तू प्यायलेला होतास, मेतोद. आठवून बघ."

त्याने झरोक्याच्या टोपीकडे पाहिलं. मग म्हणाला, "असेल."

चौकशीवाल्यांनी अपघात लिहिला; शनिवारी दार उघडं होतं म्हणून निभावलं, रात्रभर बंद राहिलं तेव्हा वायू साचला, असं म्हणाले. गावाने मात्र मेतोदला 'पोतंवाला' नाव दिलं. शाळेतली पोरं त्याच्यामागे पेंढा टाकत जायची. स्पर्धेच्या पंचांमधून त्याने स्वतःच नाव काढून घेतलं. कोणी त्याला झरोका बांधायला बोलावलं नाही, मग चूल बांधायलाही बोलावलं नाही, आणि पंचक्रोशीतला सगळ्यात चांगला गवंडी स्मशानभूमीची भिंत दुरुस्त करत म्हातारा झाला. मी एका वाक्याने हे थांबवू शकत होते. ते वाक्य फार मोठं नव्हतं.

आंब्रोझ गेल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी तीन वाजता मेतोद आला. मला वाटलं, पश्चात्ताप करायला आला आहे. नळी आता माझ्या हातात होती. मी त्याला कोपऱ्यातल्या पिंपातली दिली. त्या पिंपाच्या कड्या सैल झाल्या आहेत, त्यात जे टाकावं ते बिघडतं. त्याने ग्लास उजेडाकडे धरला, घोट फिरवला आणि म्हणाला, "जाते घशाखाली." वेन्देलिनला आणि इग्नाकला बरी द्यायची, त्याला कोपऱ्यातली. दर वर्षी नवा रस आला की मी मुद्दाम थोडा त्या पिंपात टाकायची, फक्त त्याच्यासाठी. का, असं कोणी विचारेल. तो बिनतक्रार गप्प प्यायचा, त्याचाच मला राग यायचा. आणि मनात एक समजूत करून घेतली होती, की त्या दिवशी तोही हसलाच असणार.

हे असं अठरा वर्षं चाललं. मग गेल्या वर्षी ऑक्टोबरात एका शनिवारी इग्नाक गुडघे धरून घरीच बसला होता, आणि खाली वेन्देलिन आणि मेतोद दोघंच होते. मी बाकावर होते. वेन्देलिनला चढली होती.

"एक सांगू का मेतोद," तो म्हणाला, "आंब्रोझ गेला त्याच्या आदल्या दिवशी आपण फार हसलो. त्या व्हिनेगरवर. मला अजून लाज वाटते रे."

"सोड आता."

"तू नव्हतास हसला. तू काय म्हणालास माहितीये का? 'जिच्या जिभेवर तुझी तीन बक्षिसं आली तिला व्हिनेगर म्हणतोस? थू तुझ्या पिंपावर.' असं म्हणालास आणि अर्धा ग्लास ठेवून निघून गेलास. तळघरात यजमानाला असं बोललेला दुसरा माणूस मी नाही बघितला."

"वेन्देलिन, पी आणि गप बस. वर झरोका उघडा आहे."

पोतं कोंबलं तेव्हा पुढचं वाक्य मला ऐकू आलं नव्हतं. जिभेचं त्याने कसं ओळखलं कोण जाणे; पण जन्मभरात माझ्या बाजूने कोणी बोललेलं ते एकच वाक्य होतं, आणि मीच ते पेंढ्याने बुजवलं. तो अर्धा ग्लास त्याचा होता. त्यालाच मी शिव्या घातल्या, त्याच्याच नावावर पोतं टाकलं आणि त्यालाच अठरा वर्षं कुजकं पाजलं. त्या दिवशी खाली जाऊन सांगायला हवं होतं. मी ताट घेऊन खाली गेले आणि त्याच्या ग्लासात पुन्हा कोपऱ्यातलीच ओतली. जिन्याखालची दिली असती तर त्याने विचारलं असतं, आज काय विशेष? त्या प्रश्नाची भीती वाटली.

वेन्देलिन या उन्हाळ्यात गेला. आता शनिवारी एकटा मेतोद येतो.

म्हणून तळघर मेतोदला. ते घेताना त्याने गावाला मोठ्याने सांगावं, की मी पोतं काढलं होतं. मृत्युपत्राचं वाचन चर्चच्या दारात व्हावं, रविवारी, प्रार्थना सुटल्यावर, म्हणजे ज्यांनी पेंढा टाकला ती पोरं, जी आता बाप झाली आहेत, तीही ऐकतील. मेतोदने तळघर नाकारलं तर मात्र ते कोणालाच मिळू नये. पिंपं फोडावी, झरोका विटांनी बुजवावा, दाराला कुलूप लावून किल्ली माझ्याबरोबर पुरावी. हे मी नुसतं लिहायचं म्हणून लिहिते आहे. तो नाकारणार नाही. एवढी वर्षं बिघडलेली वाइन ज्याने नाकारली नाही तो चांगलं तळघर कशाला नाकारेल?

कलम ६. मला आंब्रोझच्या शेजारीच पुरावं. त्याच्या उजव्या हाताला जागा ठेवलेली आहे. त्याने माझं बोलणं कधी पुरतं ऐकून घेतलं नाही. आता त्याला उठून मित्रांकडे जाता येणार नाही. दगडावर माझं नाव आणि साल एवढंच कोरावं. 'प्रेमळ पत्नी' असं काही कोरलं तर खर्च देणाऱ्याच्या खिशातून जाईल.

कलम ७. हे कलम कालपर्यंत नव्हतं. हे कागद माझ्या मरणानंतरच उघडावे असं मी ठरवलं होतं. पण परवा पोस्टातली यारमिला सांगत होती, मेतोदच्या छातीचा फोटो काढला, आणि डॉक्टर म्हणाले की हिवाळा निघणं कठीण आहे. तो माझ्याआधी गेला तर पोतंवाला म्हणूनच जाईल, आणि चर्चच्या दारात हे वाचलं जाईल ते कोणासाठी? मी मेल्यावर कबूल करणार होते कारण मेलेल्या माणसाकडे कोणी बघत बसत नाही. हा भित्रेपणा होता. आंब्रोझच्या भाषेत, मेणबत्ती घेऊन जाणाऱ्यांतली मी.

आज सेंट मार्टिनचा दिवस, आणि शनिवार. नवी वाइन चाखायचा दिवस. तीन वाजता मेतोद येईल. मी त्याला कोपऱ्यातली देणार नाही, जिन्याखालची देणार आहे. ग्लासाशेजारी हे कागद ठेवीन, वर जाईन आणि बाकावर बसेन. पोतं खुंटीला आहे. तो खाली काय म्हणेल ते मला ऐकू येईल. शिव्या दिल्या तर त्याही ऐकीन.

हे सगळं मी स्वतः लिहिलं आहे, प्रत्येक पानावर सही केली आहे. खोडलेलं काही नाही. खोडावंसं पुष्कळ वाटलं.

(सही) रोझालिया शेबेस्तोव्हा

साक्षीदार पहिली: इर्मा कोउत्ना, निवृत्त शिक्षिका. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मजकूर मी वाचलेला नाही.
(सही)

साक्षीदार दुसरी: यारमिला, पोस्टातली. मजकूर मीही वाचलेला नाही. वाचायला लागले होते, बाईंनी पानावर हात ठेवला.
(सही)

स्थळ: दोल्नी होर्का, स्वयंपाकघर. ११ नोव्हेंबर २०२३, दुपारी बारा.

साक्षीदार तिसरा: मेतोद हान्झलिक, गवंडी.

मी सगळी पानं वाचली, चष्मा लावून. खाली काही बोललो नाही, कारण तळघरात यजमानाला बोलायचं नसतं. एकदा बोललो होतो, त्याचं काय झालं ते वर लिहिलेलंच आहे. आता गल्ली संपवून अक्रोडाखाली येऊन बसलो आहे, म्हणून खरं लिहितो.

कोपऱ्यातल्या पिंपातली वाइन आंबटढाण आहे. ती घशाखाली जात नाही. जिन्याखालची फार चांगली आहे. एक घोट घेतला, बाकीची ठेवून आलो.

पोतं मी मार्चमध्ये काढलं होतं. मला त्याबद्दल कधीही शंका नव्हती. त्या शनिवारी पिंपावर मेणबत्ती होती आणि तिची ज्योत झरोक्याकडे झुकलेली होती. इग्नाक हसत असताना ती सरळ झाली, म्हणजे वर झरोका बंद झाला. वर कोण बसतं ते मला माहीत होतं. आंब्रोझला बोलायचं ते बोललो आणि वर आलो. रोझा, तुझ्या पाठीमागे उभा राहिलो होतो तो मी. टोपी वाकडी बसली होती, पेंढा बाहेर दिसत होता. हात लांब केला असता तर पोहोचला असता. मला आंब्रोझचा राग आला होता. म्हटलं, हिचा राग उतरला की ही काढेल. मी घरी गेलो. "असेल" म्हणालो ते तुला वाचवायला नाही. माझाही हात तिथे पोहोचत होता, म्हणून म्हणालो.

तुला वाटलं मी पश्चात्ताप करायला येतो. मी दर शनिवारी हे बघायला येत होतो, की आज तरी सांगतेस का. एकोणीस वर्षं दर वेळी तू ग्लास भरायला वाकलीस की वाटायचं, आता सांगेल. त्यासाठी ती घाण प्यायलो. नुसतं सांगितलं असतंस तर मीही माझं सांगितलं असतं, आणि दोघांनी जिन्याखालची प्यायली असती.

ज्याला मिळायचं त्याने साक्ष घालू नये, घातली तर दिलेलं बाद होतं, असं तू पहिल्याच पानावर लिहिलं आहेस. म्हणून साक्ष घालतो आहे. वाचून, समजून, शुद्धीत.

तू सांगितलंस, माझं ऐकून झालं. पुढच्या शनिवारी ग्लास काढू नकोस. मी येणार नाही.

(सही) मेतोद हान्झलिक

स्थळ: अक्रोडाखाली. त्याच दिवशी, दुपारी चार.